भूमिगत असल्याचा पुरावा

अर्ज दोन पानी. सांगलीच्या कचेरीतून आणलेला, साल एक्क्याऐंशी.
रकाना सातवा : अर्जदार भूमिगत होता काय?
असल्यास कालावधी. सोबत पुरावा जोडावा.

अप्पा म्हणाले, लिही, चाळीस वर्सं.
माझं पेन थांबलं.
अगं, हरिपूरच्या पेवात
दुसरं काय केलं म्या?

तोंड खांद्याएवढं, पोट हत्तीएवढं, खोली पंचवीस हात,
आत सावकाराची हळद.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
तेवत राहिला तर लंगोटीवर उतरायचं,
विझला तर तोंड उघडं टाकून चिलीम ओढत बसायचं.
खालची हवा कशी आहे
ते कंदिलाला आधी कळतं, माणसाला उशिरा.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात
आदगोंडा मगदुमांच्या रिकाम्या पेवात
एक सायक्लोस्टाइल मशीन उतरलं,
त्याच्यामागनं त्र्यंबक आठल्ये, वय अठरा,
चष्म्याला दोरा बांधलेला.
पत्रकं वर यायची ती पिवळी होऊन.
‘सारा भरू नका’ पिवळं,
‘कचेऱ्या जाळा’ पिवळं.
कवठ्याच्या एका म्हातारीनं म्हणे
लग्नाचं बोलावणं समजून ते देव्हाऱ्यात ठेवलं.

फौजदार आला, सोबत सहा बंदुका.
अप्पांनी शेजारचं पेव दाखवलं, मागल्या पावसाचं पाणी शिरलेलं.
कंदील सोडला. विझला.
सायेब, उतरताय?
फौजदार बराच वेळ आपल्या बुटांकडं बघत राहिला.

हे लिहू? मी विचारलं. साक्षीदार कोण?
कंदील, म्हणाले.
त्याची काच मागंच फुटली.

अठ्ठेचाळीसचं लिहायचं नव्हतं. त्याला रकानाच नव्हता.
दिल्लीत गोळी सुटली
आणि दुसऱ्या दिवसापासून नदीकाठच्या गावांतून धूर.
ज्यांनी ती पिवळी पत्रकं धोतरात खोचून वाटली होती
त्यातलेच काही टेंभे घेऊन निघाले,
नाव नव्हे, आडनाव विचारत.

त्र्यंबक रात्री आला. बरोबर बहीण,
आणि आलवणातली आई, हातात उगीचच एक कळशी.
पाच वर्षांपूर्वी हिनंच
सत्याप्पा ऐवळेला ओट्याखाली उभं करून
ओंजळीत वरून पाणी घातलं होतं.
अप्पांनी तिला पाठीवर घेतलं आणि शिडी उतरले.
ती काही बोलली का?
बोलली. कळशी सांभाळ, म्हणाली.

फरशी चार बोटं सरकवलेली, वर घोंगडं, घोंगड्यावर अप्पा.
टेंभ्यांच्या घोळक्यात दौलू, सख्खा चुलतभाऊ.
घोषणा चालली होती ती
त्र्यंबकानंच एकदा खाली बसून स्टेन्सिलवर कोरलेली.
आता तो ती खालून ऐकत होता.

खाली काय हाय?
हळद.
कुनाची?
दौल्या, हवा वाईट हाय. आत्ता उतरू नगंस.

एवढंच. दौलू थोडा वेळ उभा राहिला.
मग टेंभा उलटा करून त्यानं मातीत विझवला,
की तो आपोआप विझला,
अप्पा दर वेळी वेगळं सांगायचे.

त्र्यंबक पुढं पुण्याला गेला.
दरसाल दिवाळीला एक कार्ड, पत्त्यात गावाचं नाव चुकलेलं.
पेव दोन हजार पाचच्या पुरात बसलं.
तिथं आता खळगा आहे, पोरं त्यात चेंडू हरवतात.

मी रकान्यात लिहिलं होतं : होय. चाळीस वर्षे.
अप्पांनी अंगठा उठवला.
अर्ज आठ महिन्यांनी परत आला, लाल शाईत शेरा :
अर्जदार हळद हमालीच्या कामावर होता. भूमिगत नव्हता.

मी वाचून दाखवलं, चिडून, दोनदा.
अप्पा चिलीम झाडत होते.
बरुबर हाय त्येचं, म्हणाले.
कोन तरी वर बसाय नगं?